मेंदूच्या शिरा आणि चार दिवसांची मुदत

व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हांला विषय विचारला तेव्हा एखाद्या संपाचा इतिहास ऐकायला मिळेल अशी त्यांची अपेक्षा असावी. आम्ही सांगितलेला विषय ऐकून ते जरा गप्प झाले. मेंदूतल्या शिरांत रक्ताची गुठळी कशी होते हे शोधण्यासाठी कुत्री, डुकरे आणि उंदीर यांच्यावर जे प्रयोग झाले त्यांचा इतिहास कामगार चळवळीतल्या माणसाने का सांगावा, हा प्रश्न आपल्यालाही पडेल. आम्ही डॉक्टर नाही. आमची शाळा आठवीत सुटली. पुढचे जे काही झाले ते सार्वजनिक वाचनालयाच्या बाकावर. तेव्हा हा विषय आमच्या हाती कसा आला तेवढे आधी सांगतो.

विड्या वळणाऱ्या बायकांच्या आमच्या संघटनेत एक तरुण बाई होती. तिचे बाळंतपण सुखरूप झाले. बाराव्या दिवशी तिचे डोके दुखू लागले. बाळंतिणीने पाणी फार पिऊ नये, पोट सुटते, अशा समजुतीने घरात तिचे पाणी आधीच तोडलेले होते. डोके थांबेना म्हणून नवऱ्याने तिला एका इस्पितळात नेले. तेथे अशक्तपणा आहे असे सांगून दुखण्याच्या गोळ्या देऊन परत पाठविले. सासूला बाहेरचे काही असेल अशी शंका आली आणि त्यात आणखी दोन दिवस गेले. चौथ्या रात्री तिला आकडी आली, उजवा हात लुळा पडला. दुसऱ्या इस्पितळात मेंदूचे चित्र काढले तेव्हा मेंदूच्या मुख्य शिरेत गुठळी आणि तिच्या आसपास रक्तस्राव दिसला. दोन दिवसांनी ती गेली. तेथल्या तरुण डॉक्टरांनी आम्हांला बाजूला घेऊन सांगितले, "भाऊ, चार दिवस आधी आली असती तर बहुतेक वाचली असती."

आली होती की! आम्हांला प्रथम राग आला तो एवढ्यासाठीच. पण राग ओसरल्यावर दुसराच प्रश्न डोक्यात राहिला. ती चार दिवस नुसती डोके धरून बसली होती. बोलत होती, मुलाला पाजत होती. मग गुठळी पहिल्याच दिवशी झालेली असेल तर त्या दिवशीच ती का कोसळली नाही? आणि चौथ्या दिवशी असे काय झाले? या प्रश्नाचे उत्तर शोधताना आम्ही ज्या वाटेने गेलो तीच आज आपल्यापुढे मांडतो.

हृदयाकडून मेंदूकडे रक्त नेणाऱ्या रोहिण्या असतात आणि परत आणणाऱ्या शिरा. पक्षाघात म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे येते ती रोहिणी तुंबल्याची गोष्ट. तेथे पुरवठा बंद पडतो आणि घाव घटकाभरात बसतो. शिरांचे तसे नाही. तेथे बंद पडतो तो निचरा. मेंदूवर जे जाड आवरण असते त्याच्या दोन पदरांच्या मध्ये पन्हळीसारख्या पोकळ वाटा आहेत. डॉक्टर त्यांना 'सायनस' म्हणतात. (सर्दीत ठणकणारे सायनस वेगळे, त्यांच्याशी याचा संबंध नाही.) त्यांतली सर्वांत लांब पन्हळ कपाळापासून डोक्याच्या मधोमध, भांग पाडतात त्या रेषेखालून, मागे जाते. मेंदूच्या पृष्ठभागावरील बारीक शिरा लहान पुलांसारख्या वर चढून या पन्हळीत रक्त ओततात. डोक्याच्या मागच्या बाजूला अशा पन्हळी एकत्र येतात. त्या संगमाला आजही हेरोफिलस या ग्रीक वैद्याचे नाव आहे. इसवी सनापूर्वी तीनशेच्या सुमारास अलेक्झांड्रियात त्याने ती जागा पाहिली आणि तिला द्राक्षांचा रस काढण्याच्या घाण्याची उपमा दिली.

जागा एवढ्या पूर्वी ठाऊक असूनही तिचा रोग ओळखायला एकोणिसावे शतक उजाडावे लागले. १८२५ साली रिब या फ्रेंच वैद्याने पंचेचाळीस वर्षांच्या एका रोग्याची हकीकत छापली. त्याला कित्येक महिने डोकेदुखी होती, पुढे फेफरे आले, भ्रम झाला आणि तो मेला. शवविच्छेदनात मधली पन्हळ गुठळीने भरलेली आढळली. त्यानंतरच्या काही वर्षांत बाळंतिणींच्या अशाच हकीकती येऊ लागल्या. पण सगळ्या मेल्यानंतरच्या. जिवंत माणसाच्या कवटीत डोकावण्याची सोय नव्हती, त्यामुळे जे मेले तेवढेच मोजले गेले आणि हा रोग झाला की माणूस वाचत नाही असा समज वैद्यकात रुजला. बरे झालेले लोक डोकेदुखीत किंवा देवीच्या नवसात जमा झाले असतील.

गुठळी म्हणजे काय याचा पद्धतशीर विचार केला तो जर्मनीच्या रुडॉल्फ फिर्शो याने. त्या काळी फुफ्फुसात सापडणारी गुठळी तेथेच तयार होते असे मानीत. फिर्शोने कुत्र्यांच्या मानेच्या शिरेत रबराचे व मांसाचे बारीक तुकडे सोडले आणि ते वाहत जाऊन फुफ्फुसाच्या रक्तवाहिनीत अडकतात हे दाखविले. गुठळीला आज जगभर वापरला जाणारा 'थ्राँबोसिस' हा शब्द त्याच्यामुळे रूढ झाला. हे काम त्याने १८४६ पासून चालविले आणि १८५६ मध्ये एकत्र प्रसिद्ध केले. मधल्या काळात एक गोष्ट घडली, ती सांगितल्यावाचून आम्हांला पुढे जाववत नाही. १८४८ च्या आरंभी सरकारने त्याला अप्पर सायलीशियात टायफस तापाची साथ तपासायला पाठविले. तेथील गरीब लोक पाहून आल्यावर त्याने अहवालात औषधांची यादी दिली नाही. शिक्षण, स्वातंत्र्य, चांगली मिळकत आणि लोकांचे राज्य हाच साथीवरचा इलाज आहे असे लिहिले. पुढच्याच वर्षी राजकीय हालचालींपायी त्याची बर्लिनमधली नोकरी गेली. कुत्र्याच्या शिरेत रबराचा तुकडा सोडणारा आणि सरकारला असा अहवाल देणारा माणूस एकच होता, हे आम्ही वाचले तेव्हा त्या प्रयोगांकडे पाहण्याची आमची दृष्टी जरा बदलली.

जरा म्हणण्याचे कारण असे की, आमच्याच बिरादरीने एकदा कुत्र्याची बाजू घेतलेली आहे. १९०३ च्या फेब्रुवारीत लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात विल्यम बेलिस या शास्त्रज्ञाने विद्यार्थ्यांपुढे एका तपकिरी कुत्र्यावर प्रयोग केला. कुत्र्याला पुरती भूल दिली नव्हती असा आरोप तेथे बसलेल्या दोन स्वीडिश तरुणींनी केला. बेलिसने तो नाकारला, बदनामीची फिर्याद लावली आणि दोन हजार पौंड भरपाई मिळविली. १९०६ मध्ये बॅटरसी या कामगार वस्तीत त्या कुत्र्याचा पुतळा उभा राहिला. १९०७ साली वैद्यकीय विद्यार्थ्यांचे जमाव तो फोडायला निघाले, तेव्हा पुतळ्याच्या रक्षणाला बॅटरसीचे मजूर, कामगार संघटनांचे लोक आणि स्त्रियांच्या मताधिकारासाठी लढणाऱ्या बायका उभ्या राहिल्या. अखेर १९१० मध्ये नगरपालिकेने रात्रीच्या वेळी पोलीस बंदोबस्तात पुतळा हलविला. नवा पुतळा बसायला १९८५ साल उजाडले. यात कामगारांना कुत्र्याची दया होतीच, पण त्याखाली एक भीतीही होती: आज टेबलावर कुत्रा आहे, उद्या धर्मार्थ इस्पितळातला गरीब असेल. ही भीती वेडगळ होती असे आम्ही म्हणणार नाही. मात्र तो प्रयोग पाहून संतापणारे आणि उद्या त्याच प्रकारच्या प्रयोगांतून निघालेले औषध घेऊन वाचणारे, हे दोन्ही आमचेच लोक आहेत. यातून सुटका नाही. १९५९ साली रसेल आणि बर्च या दोघा इंग्रजांनी शक्य तेथे प्राणी टाळावा, संख्या कमी करावी, वेदना कमी करावी असे तीन दंडक मांडले आणि आपल्याकडे रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी राज्यसभेत धरलेल्या आग्रहामुळे १९६० साली प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणारा कायदा झाला. तो सौदा त्यातल्या त्यात माणुसकीचा करण्याचे हे प्रयत्न होत.

आता औषधाकडे वळू. १९१६ साली अमेरिकेत बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात जे मॅक्लीन हा विद्यार्थी प्राध्यापक हॉवेल यांच्या हाताखाली सेफॅलिन या पदार्थाचा अभ्यास करीत होता. सेफॅलिन मेंदूतून काढतात आणि त्याने रक्त लवकर गोठते. अन्य अवयवांतही असेच काही मिळते का हे पाहताना कुत्र्याच्या यकृतातून निघालेल्या एका अर्काने नेमके उलटे केले, रक्त गोठेचना. १९१८ साली अशा द्रव्याला यकृताच्या ग्रीक नावावरून 'हेपॅरिन' हे नाव मिळाले. आज ते मुख्यतः डुकराच्या आतड्याच्या अस्तरापासून काढतात. माणसाला टोचण्याजोगे शुद्ध हेपॅरिन तयार व्हायला १९३० नंतरची वर्षे यावी लागली, आणि लगेच महायुद्ध आले.

युद्धाच्या धामधुमीतच इंग्लंडात या रोगाने नवे वळण घेतले. १९४१ साली मार्टिन आणि शीहान यांनी बाळंतपणानंतर मेंदूच्या शिरांत होणाऱ्या गुठळ्यांवर लेख लिहिला आणि १९४२ साली स्टॅन्सफील्ड यांनी अशा बाळंतिणीला हेपॅरिन दिल्याची हकीकत छापली. औषध हाती होते, रोग ओळखीचा होता. तरी पुढची पन्नास वर्षे बहुतेक डॉक्टर ते द्यायला कचरत राहिले. कारण उघड होते. या रोगात मेंदूत रक्त झिरपलेले असते. शंभर रोग्यांत सुमारे चाळीसजणांत ते पहिल्याच तपासणीत आढळते. ज्याच्या मेंदूत रक्तस्राव झाला आहे त्यालाच रक्त पातळ करणारे औषध द्यायचे, हे कोणाच्या हाताला धजणार?

याचा निकाल लावायचा तर गुठळी मेंदूचे नुकसान कोणत्या पायरीने करते हे पाहायला हवे होते आणि माणसात ते पाहता येत नाही. माणूस इस्पितळात येतो तो शेवटच्या पायरीवर. म्हणून प्राण्यात हा रोग मुद्दाम निर्माण करण्याची खटपट सुरू झाली. १९४६ साली डायना बेक आणि डोरोथी रसेल या दोन इंग्रज स्त्रियांनी मधल्या पन्हळीतील गुठळीवरचे प्रयोग प्रसिद्ध केले. बेक या मेंदूच्या शस्त्रक्रिया करणाऱ्या जगातल्या पहिल्या काही स्त्रियांपैकी एक आणि रसेल मेंदूच्या विकृतींच्या मोठ्या अभ्यासक. १९५० नंतरच्या दशकात इतरांनीही पन्हळ बांधून, दाबून, तीत काही भरून पाहिले. या साऱ्या खटपटीत एकच अडचण पुन्हा पुन्हा येई. पन्हळ बंद केली तरी जनावराला फारसे काही होत नसे. ते उठे, खाई, फिरे.

संशोधकांना हे अपयश वाटले असेल, आम्हांला मात्र ते वाचताना आमची वस्ती आठवली. पावसाळ्यात मुख्य गटार तुंबले म्हणजे पहिल्या दिवशी कोणाच्या घरात पाणी शिरत नाही. ते बाजूच्या बोळातून, शेजारच्या मोरीतून, कुठून तरी वाट काढते. लोक म्हणतात, काही झाले नाही. गाळ हळूहळू त्या लहान मोऱ्यांत चढतो आणि त्याही बुजल्या की मग एका रात्रीत पाणी चुलीपर्यंत येते.

मेंदूत नेमके हेच होते, हे जर्मनीतील माइन्झ शहरात दिसून आले. १९९२ साली फ्रीस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी डुकरांवरचे प्रयोग प्रसिद्ध केले. डुकराचा मेंदू माणसासारखा वळ्यावळ्यांचा असतो म्हणून त्याची निवड. नुसती मधली पन्हळ बांधली तेव्हा फारसे बिघडले नाही. पण शस्त्रक्रियेत वापरतात तो फायब्रिनचा डिंक पन्हळीत सोडून तो पुलांसारख्या शिरांत आणि मेंदूच्या पृष्ठभागावरील शिरांत पोचविला तेव्हा कवटीतला दाब चढला, मेंदू सुजला आणि त्यात रक्त झिरपले. रोग एका घावात होत नाही, तो पायऱ्यांनी चढतो, असा त्यांचा निष्कर्ष होता. पुढच्याच वर्षी त्याच शहरात उंगर्सबॉक, हायमन आणि केम्प्स्की यांनी पांढऱ्या उंदरांत हाच रोग उभा केला. उंदराची कवटी बारीक यंत्राने घासून पन्हळ उघडी करायची, ती बांधायची आणि चिनी माती व सेफॅलिन यांचे मिश्रण हळूहळू तीत सोडायचे. सेफॅलिन म्हणजे तेच, जे शोधता शोधता मॅक्लीनला हेपॅरिन सापडले होते. एकाच खोलीत, एकाच हाताने केलेल्या या प्रयोगात काही उंदरांच्या मेंदूला इजा झाली आणि काही सहीसलामत राहिले. फरक कुठे होता? गुठळी पन्हळीतून निघून पृष्ठभागावरील शिरांत पसरली की नाही, एवढाच. जेथे पसरली तेथे रक्ताचा प्रवाह घटला आणि मेंदूच्या पेशी मेल्या.

यानंतर साधने बारीक होत गेली. नाकासे या जपानी शल्यवैद्याने केम्प्स्कींच्या प्रयोगशाळेत उंदराच्या रक्तात एक गुलाबी रंग सोडून बारीक प्रकाशझोताने पृष्ठभागावरच्या दोनच शेजारच्या शिरा बंद करून दाखविल्या. म्हणजे आता मुख्य गटाराला हात न लावता नुसत्या मोऱ्या बंद करता येत होत्या. २००५ साली जर्मनीतच रोटगर व इतरांनी फेरिक क्लोराइड, म्हणजे छपाईचे तांब्याचे ठसे कोरायला वापरतात तो लोखंडाचा क्षार, पन्हळीवर ठेवून गुठळी बनविली. ही गुठळी पुढे आपोआप विरघळू लागते, त्यामुळे वाट पुन्हा उघडताना काय होते हेही चुंबकीय चित्रांत पाहता आले.

आमच्या प्रश्नाचे उत्तर येथे मिळाले. डोके दुखू लागले त्या दिवशी त्या बाईची मुख्य पन्हळ बंद होऊ लागली असावी. चार दिवस तिचे रक्त आडवाटांनी निघून जात राहिले. चौथ्या रात्री गुठळी लहान शिरांत चढली. मधले चार दिवस म्हणजे मुदत होती, आणि त्या मुदतीत जे औषध गुठळीला पुढे सरकू देत नाही ते द्यायचे असते. रक्तस्रावाचे कोडेही यातच सुटते. मागे रक्त तुंबल्यामुळे दाब वाढून बारीक नळ्या फुटतात. ते रक्त पातळ झाल्यामुळे वाहत नसते, वाट बंद झाल्यामुळे वाहत असते.

पण येथे इतिहास जसा घडला तसा सांगितला पाहिजे, सोयीचा करून नव्हे. माणसावरचा निर्णायक प्रयोग या डुकरांच्या आणि उंदरांच्या आधी झाला. १९९१ साली म्युनिकच्या आइनहॉइप्ल आणि सहकाऱ्यांनी वीस रोग्यांवरची चाचणी प्रसिद्ध केली. दहांना हेपॅरिन, दहांना नुसते मिठाचे पाणी. हेपॅरिनच्या दहांतले आठ पूर्ण बरे झाले, दोघांना किरकोळ अधूपणा राहिला, मेले कोणी नाही. दुसऱ्या दहांतला एकच पूर्ण बरा झाला, सहा अधू राहिले आणि तिघे मेले. फरक इतका उघड होता की चाचणी तेथेच थांबवावी लागली. हेच आइनहॉइप्ल १९९४ साली उंदरांवरच्या एका मोठ्या प्रयोगात सहभागी आहेत. म्हणजे उपाय आधी हाती लागला आणि तो का लागू पडतो हे उंदराने मागाहून सांगितले. तेव्हा प्राण्यांनीच सारे शिकविले असे म्हणणारे आणि प्राण्यांनी काहीच शिकविले नाही असे म्हणणारे, दोघांनीही या तारखा एकदा शेजारी ठेवून पाहाव्यात. आणि त्या वीसांतल्या तिघांनाही विसरू नये.

भारतात हा रोग बाळंतिणींचा म्हणून डॉक्टरांच्या चांगल्या परिचयाचा आहे. मदुराईच्या श्रीनिवासन यांनी १९८३ साली गरोदर व बाळंत स्त्रियांतील मेंदूच्या गुठळ्यांचे १३५ रुग्ण नोंदविले, त्यांत शिरांच्या बरोबर रोहिण्यांच्याही गुठळ्या होत्या. बंगळूरच्या निमहान्स संस्थेतील नागराज आणि सहकाऱ्यांनी १९९५ साली ५७ बाळंतिणींवर हेपॅरिनची चाचणी प्रसिद्ध केली. बाळंतपणात रक्त गोठण्याची प्रवृत्ती निसर्गानेच वाढविलेली असते, नाहीतर स्त्री रक्तस्रावाने मरेल. त्यात अशक्त रक्त, ताप, आणि वर पाणी तोडलेले! २००४ साली अनेक देशांतल्या ६२४ रोग्यांची मोठी पाहणी प्रसिद्ध झाली. त्यांत चारांत तीन स्त्रिया होत्या आणि शंभरात सुमारे आठच दगावले. रिबच्या काळी शंभरापैकी शंभर मरतात असे मानीत, हे आठवावे. हा फरक औषधाने केला तितकाच चित्रे काढणाऱ्या यंत्रांनी केला, कारण सौम्य रोगीही आता मोजले जाऊ लागले.

२०२१ च्या वसंतात या रोगाचे नाव अचानक वर्तमानपत्रांत आले. युरोपात ॲस्ट्राझेनेकाच्या करोना लशीनंतर फार थोड्या लोकांना मेंदूच्या शिरांत गुठळ्या झाल्या. तीच लस पुण्यात 'कोव्हिशील्ड' नावाने तयार होत असल्याने आपल्याकडेही घबराट पसरली. रक्तकणिकांतील एका प्रथिनाविरुद्ध शरीरात तयार होणारी प्रतिद्रव्ये हे त्याचे कारण निघाले. म्हणजे तो प्रकार वेगळा होता, आणि तेथे हेपॅरिन टाळावे असे सांगण्यात आले. युरोपातल्या सरकारांनी त्या मूठभर रोग्यांसाठी लसीकरण थांबवून चौकशी केली, हे योग्यच झाले. आपल्या बाळंतिणींना हाच रोग पिढ्यान्‌पिढ्या होत आला आहे, त्यांच्यासाठी कोणी वर्तमानपत्राचा रकाना दिल्याचे आम्हांला आठवत नाही.

शेवटी एक गोष्ट. या प्रयोगांचे तपशील वाचताना जनावरांच्या वर्णनाशी आम्ही थबकलो. बहुतेक ठिकाणी उंदीर नर आहेत. तरुण, निरोगी, पोटभर खाऊन-पिऊन असलेले. माद्यांच्या ऋतुचक्राने आकडे हलतात म्हणून नर घ्यायचे, ही प्रयोगशाळांची जुनी रीत. उंदराच्या डोक्यातले रक्त नाकाच्या बाजूनेही बरेच बाहेर पडते, तो उभा चालत नाही, त्याचा मेंदू गुळगुळीत आहे. हे फरक शास्त्रज्ञ स्वतःच सांगतात. पण नुकतीच व्यालेली, रक्त कमी असलेली, पाण्यावाचून ठेवलेली मादी ही मुख्य रोगिणी, आणि तिचा नमुना म्हणून टेबलावर तरुण नर! आम्ही हे त्या तरुण डॉक्टरांना दाखविले. ते हसले नाहीत. कागद उलटसुलट पाहून म्हणाले, "पहिल्यांदा डोके दुखले तो दिवस नक्की कोणता, तिच्या घरी कोणाला सांगता येईल का?" आम्ही तिच्या सासूला जाऊन विचारले. तिला वार आठवत नव्हता. बाळाची बारावी करायची म्हणून डाळ भिजत घातली होती, तो दिवस, एवढेच ती म्हणाली.